एकोणिसाव्या पानावरचा शब्द

९ जानेवारी

मावशी,

आधी नमस्कार, मग बातमी, आणि मग तुझं ओरडणं. या क्रमानं घे, घाई करू नकोस.

मला तो निधी मिळाला. अपंग कलावंतांनी आणि ज्यांचा मेंदू जरा वेगळ्या चालीनं चालतो अशांनी महोत्सवासाठी नवीन काम रचावं म्हणून देतात ना, तो. चारशे अर्जांतून सहा जण घेतले. एक जण चाकांच्या खुर्चीवरून नाचतो, एकीला आवाज ऐकले की रंग दिसतात, आणि सहावी मी, तुझी तोतरी ठकू. अर्जात एक रकाना होता, ‘आपल्या अडचणीचं शंभर शब्दांत वर्णन करा.’ मी लिहिलं, ‘शंभर शब्द बोलायला मला कधी दोन मिनिटं लागतात, कधी अकरा. आजचा दिवस कुठला, हे तोंड उघडल्याशिवाय मलाही कळत नाही.’ उरलेला रकाना कोरा सोडला.

मुलाखतीला गेले तर निधीच्या बाईंनी भिंतीवरचं घड्याळ आधीच काढून बाहेर नेऊन ठेवलेलं. भिंतीवर नुसता खिळा. त्या खिळ्याकडे बघून मला रडूच फुटलं.

आता पाच महिने तालमीची खोली माझी. छापखान्यातलं मुद्रितं तपासायचं काम अर्धा दिवसच करायचं ठरवलंय. ६ जूनला कच्चा प्रयोग, समोर निवड समिती आणि तीसेक प्रेक्षक. सहांपैकी तिघांना सप्टेंबरात महोत्सवाचा मोठा मंच. प्रयोग एकटीचा आहे. मी उभी राहून बोलणार. हो, मीच, आणि बोलणारच.

प्रत्येकाला एक सोबती घेता येतो, त्याचा मेहनतानाही तेच देतात. मी तुझं नाव दिलंय. विचारलं नाही, देऊनच टाकलं.

फोन करू नकोस. फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. उगाच का पंचवीस वर्षं आपण कागद खरडतोय!

तुझी ठकू

१५ जानेवारी

ठकूबाई,

अक्कल गहाण टाकलीस की काय? अभिनंदन हो, अभिनंदन. ते झालं. आता ओरडते.

अगं, लोकांसमोर उभी राहणार तू? छापखान्यात चार माणसांत ‘येते’ म्हणायला तुला घाम फुटतो. लोक हसतील. आणि जे हसणार नाहीत ते कीव करतील, ते हसण्याहून वाईट. एकतीस वर्षं मी विंगेत बसून प्रेक्षकांचे चेहरे पाहिलेत. अंधारात माणूस फार निर्दय होतो गं.

आणि मला सोबती घेतेस? प्रॉम्प्टरला? माझ्या धंद्याचा नियम तुला पाठ आहे. नट गप्प झाला की मनात मोजायचं. एक, दोन, तीन. तीनला शब्द त्याच्या कानात गेलाच पाहिजे, नाहीतर प्रेक्षक खोकतात, आणि एकदा खोकले की प्रयोग गेला. आमचा तो राजाचं काम करणारा आठवतो ना? मरणाच्या प्रवेशात वाक्य विसरला. मी विंगेतून पुरवलं, ‘मी चाललो.’ तर तो मरता मरता माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणतो, ‘थांबा, मीही येतो.’ सगळं नाट्यगृह हसून लोळलं. पण निदान शांतता नव्हती. शांततेची मला धडकी भरते. तू लहानपणी बोलायला लागलीस की मला तेच व्हायचं, म्हणून मी तुझी वाक्यं भराभर संपवून टाकायचे.

नको, दुसरं कुणीतरी बघ.

तुझं पाकीट उघडायला ते शोधत होते, दोन पात्यांचं, बोटं घालून कापायचं. नावच आठवेना मेलं. शेवटी दातांनी फाडलं. वय झालं, दुसरं काय.

मावशी

२८ जानेवारी

मावशी,

कात्री. कात्री म्हणतात त्याला. बघ, एकदा तरी मी तुला शब्द पुरवला!

दुसरं कुणी नको. कारण सांगते, रागावू नकोस. माझं अडणं अनोळखी माणसांसमोर जितकं होतं त्याच्या दुप्पट तुझ्यासमोर होतं. तू समोर असलीस की मला तुझं मोजणं ऐकू येतं. तू ओठही हलवत नाहीस, तरी ऐकू येतं. तीन झाले की शब्द येणार, मग मी जीव कशाला काढू? असं करत करत माझी कितीतरी वाक्यं तुझ्या तोंडूनच संपली.

तू विंगेत असताना मी एक वाक्य शेवटापर्यंत नेलं, तर जगात कुठेही नेईन. म्हणून तू हवीस. सोबती म्हणून तुझं काम एकच, विंगेतल्या खुर्चीत बसायचं आणि गप्प राहायचं. मी अडले तरी, दहा मोजले तरी, शंभर मोजले तरी. न बोलण्याचे पैसे मिळतायत तुला, आणखी काय हवं?

मलाही भीती वाटते गं. आपण दोघी मिळून घाबरू.

ठकू

११ फेब्रुवारी

ठकू,

तुझी आईसुद्धा अशीच हट्टी होती. ताईपुढे माझं कधी चाललं नाही, तुझ्यापुढे काय चालणार!

येईन म्हणत नाही अजून. पण संहिता पाठव. आणि एक कर. आमच्या संहितेत नट जिथे मुद्दाम थांबणार असेल तिथे मी शिसपेन्सिलीनं एक ठिपका द्यायचे. ठिपका म्हणजे इथे शब्द विसरलेला नाही, इथे थांबायचंच आहे, प्रॉम्प्टरनं जीभ आवरायची. तो ठिपका दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा. तर तू कुठे कुठे अडणार तिथे ठिपके दे. मग मला बसता येईल.

बाकी ठीक. खालचे इस्त्रीवाले विचारत होते, हल्ली किल्ली दाराला बाहेरच का असते म्हणून. फार चौकस माणसं.

मावशी

२ मार्च

मावशी,

तुझं पत्र मला काल मिळालं! पाकिटावर तू माझ्या शाळेच्या वसतिगृहाचा पत्ता लिहिला होतास. तिथल्या कारकुनानं माझं नाव जुन्या वहीत शोधून पुढे पाठवलं. वीस वर्षांनी! थट्टा करायची ही काय रीत? पण कारकुनाचा चेहरा कसा झाला असेल ते डोळ्यांसमोर आणून मी खूप हसले.

संहिता सोबत आहे, बावीस पानं. ठिपके देता येत नाहीत. कुठे अडणार हे मला ठाऊक असतं तर मी बोलणारीच झाले नसते का? काल ज्या शब्दाला अडले तो आज गुळगुळीत जातो, आणि आज ‘दार’ म्हणताना दोन मिनिटं दारातच उभी. दिवेवाला बिचारा हात बटणावर ठेवून बसतो. त्याला विचारलं, कंटाळा येतो का? म्हणाला, नाही हो, पण प्रत्येक वेळी वाटतं की आता तुम्ही पडणार. त्यालाही भीती वाटते.

समितीची चिठ्ठी आलीये, प्रयोग नेमका किती वेळाचा ते कळवा, कारण महोत्सवात त्याच मंचावर मागून दुसऱ्यांचा प्रयोग असतो. एकदा अडतीस मिनिटं झाला, एकदा एकसष्ट. काय कळवू? याच कारणावरून ते मला गाळतील असं मनात येतं.

संहिता वाच आणि खरं खरं सांग.

ठकू

२० मार्च

ठकू,

संहिता वाचली. छान आहे. भाषा साधी आहे, ते आवडलं. सुरुवात जरा लांबलीये एवढंच.

आमच्यात एक राजाचं काम करणारा नट होता, तुला सांगितलं नसेल. मरणाच्या प्रवेशात वाक्य विसरला. मी पुरवलं, ‘मी चाललो,’ तर मला म्हणतो, ‘थांबा, मीही येतो!’ हसून हसून पुरेवाट. सांगायचा मुद्दा असा की नाटकात काहीही होऊ शकतं.

मावशी

२७ मार्च

मावशी,

राजाचा किस्सा तू जानेवारीतच सांगितलास, शब्द न् शब्द. म्हातारी झालीस बाई!

पण माझी फसवणूक करू नकोस. तू संहिता वाचलेली नाहीस. वाचली असतीस तर ‘छान आहे’ म्हणून सुटली नसतीस. एकोणिसाव्या पानावर तू आहेस. ते पान वाच. मग ओरड, रड, काहीही कर, पण वाच.

ठकू

९ एप्रिल

ठकू,

वाचलं. पाकीट महिनाभर दिव्याखाली पडून होतं, हात लावायला धीर होत नव्हता. आता हात लावला आणि पोळला.

ती खोली जशीच्या तशी उतरवलीस. ताई जाऊन महिना झालेला, भिंतीला लागून सगळे बसलेले, तुझे बाबा खिडकीशी पाठ करून. आणि थोरल्या काकांनी तुला मधे उभं करून विचारलं, ‘बोल पोरी, कुणाकडे राहणार?’ नऊ वर्षांची होतीस. चेहरा लालबुंद, ओठ गच्च मिटलेले. आणि मी मोजलं आणि म्हणाले, ‘बाबांकडे.’ तू मान हलवलीस. सगळे म्हणाले, शहाणी पोर.

आणि पुढे तू लिहिलंयस की बाबांच्या घरी वाक्य संपेपर्यंत थांबणारं कुणी नव्हतं, म्हणून तू बोलणंच टाकलंस. चार वर्षं, वसतिगृहात जाईपर्यंत. हे मला ठाऊक नव्हतं. तू पत्रात इतकं लिहायचीस की मला वाटायचं, बोलतही असशील.

मी तुला मदत केली ठकू. सगळ्यांसमोर पोरीची शोभा होऊ नये म्हणून. आणखी काही नाही. आणि आता तू ते तीस अनोळखी माणसांना सांगणार आणि त्यांनी हसायचं? ते पान काढ. हात जोडते. मी विंगेत बसून ते पान ऐकू शकणार नाही.

परवा शेगडीवर भांडं राहिलं, धूर झाला, खालचे इस्त्रीवाले धावत वर आले. काही विशेष नाही. तू कुणाकडून ऐकून भलतं समजू नयेस म्हणून लिहिलं.

मावशी

१४ एप्रिल

मावशी,

पान निघणार नाही. सगळा प्रयोग त्या पानापर्यंत पोचायला रचलाय.

तुझ्यावर राग नाही गं, किती वेळा सांगू! तू चुकलीस, बस्स. इतकी वर्षं बरोबर शब्द पुरवलेस, एक चुकला. कुणाचा चुकत नाही? म्हणून तर ते हसण्यासारखं लिहिलंय. प्रेक्षक तुला हसणार नाहीत, त्या घाईला हसतील. आणि हसू ओसरलं की मी पुढे येऊन सांगणार, मला तेव्हा काय म्हणायचं होतं. एकच शब्द. मावशीकडे.

आता खरी गोष्ट ऐक. तो शब्द तालमीत माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर आलेला नाही. म माझं सगळ्यांत वाईट अक्षर, ओठ मिटतात ते उघडतच नाहीत. बाकी एकवीस पानं कशीही गेली तरी चालेल. तो एक शब्द आला नाही, तर मी अजून त्याच खोलीत मधे उभी आहे असं समज.

म्हणून वचन दे. तिथे अडले तर तू शब्द पुरवणार नाहीस. तू पुरवलास की सगळं गेलं. मंच गेला तर जाऊ दे, मी मंचाचं म्हणत नाहीये.

धुराचं वाचून काळजी वाटली. शेगडीची खोड जुनी आहे का? दुरुस्त करून घे.

ठकू

२ मे

ठकू,

येते. इस्त्रीवालीण सोबत येईल, तिला वाट नीट कळते.

तोंड बंद ठेवीन. वचन. फार भीती वाटते.

मावशी

८ जून

मावशी,

कुठे गेलीस न भेटता? दिवे लागले आणि विंगेत नुसती खुर्ची. इस्त्रीवालीण सगळीकडे तुला शोधत होती. तूही रडलीस आणि मला दिसू नये म्हणून पळालीस, हो ना? मी ओळखते तुला.

मला सगळं सांगायचंय. तू तिथे होतीस तरी सांगते.

दुसऱ्याच पानावर अडले आणि पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ओठ हलवून मला शब्द दाखवला, चांगल्या मनानं. वाटलं, झालं, आता सगळे दाखवणार. पण मी त्यांच्याकडे बघत थांबले, आणि तेच ओशाळून खाली बघायला लागले. मग बरं चाललं. काकांच्या प्रश्नाला लोक गप्प झाले, तुझ्या ‘बाबांकडे’ला हसले. अगदी पाहिजे तसे हसले.

आणि मग तो शब्द. ओठ मिटले आणि मिटलेच. तुला माहीत आहे आत काय होतं? कुणीतरी छातीवर उभं राहतं. कुणीतरी खोकलं. मी विंगेकडे पाहिलं. तू खुर्चीतून अर्धी उठलेली, हातात संहिता, आणि तुझं तोंड उघडलं. मावशी, त्या क्षणाइतकी मी जन्मात कधी घाबरले नाही. मी डोळेच मिटून घेतले, आता येणार, आता तुझा आवाज येणार.

आला नाही. मी वाट बघत राहिले आणि तो आला नाही. दिवेवाल्यानं नंतर सांगितलं, चाळीस सेकंद. त्यानंही हात बटणावरून काढून मांडीवर ठेवला होता म्हणे. आणि मग छातीवरचं कुणीतरी उतरलं आणि मी म्हणाले. मावशीकडे. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू गेलं. तुला ऐकू आलं ना?

तू मला ती चाळीस सेकंदं दिलीस. तोंड उघडूनही मागे घेतलंस. तुला ते किती जड गेलं असेल ते माझ्याइतकं कुणाला कळणार? जन्मभर तू मला शब्द दिलेस, त्या सगळ्यांपेक्षा हे मोठं. तुझ्या पाया पडते.

समितीचं आजच कळलं, मी तिघांत आहे. वेळेचं विचारलं नाही. निधीच्या बाई म्हणाल्या, त्या संध्याकाळी मंचावर तुमच्यामागून काही ठेवतच नाही. सप्टेंबरात तुझी खुर्ची तिथेच असेल.

लवकर लिही.

ठकू

३० जून

ठकू,

हे पत्र लिहायला तीन आठवडे लागले. शब्द येत नाही तिथे मी ठिपका देते. इस्त्रीवालीण म्हणाली, मला विचारा, मी सांगते. मी म्हटलं नको. या पत्रात कुणी मला पुरवायचं नाही.

तू पाया पडतेस ते मागे घे. दोन गोष्टी सांगते आणि मग तुला काय वाटायचं ते वाटू दे.

पहिली गोष्ट. त्या दिवशी मी चुकले नव्हते. तू तिथे मधे उभी होतीस आणि तुझे ओठ मिटलेले होते. ब म्हणताना तुझे ओठ फुटायचे आणि मिटायचे, फुटायचे आणि मिटायचे. म म्हणताना घट्ट बसायचे आणि नाकातून बारीक आवाज यायचा. मला तुझं प्रत्येक अक्षर पाठ होतं. तो म होता. मला कळलं तू माझं नाव घेणार आहेस. आणि मी घाबरले. माझी एक खोली, गावोगावचे •, एकटी बाई. लोक हे कारण मान्य करतील, पण तेही खरं नाही. खरं हे की मला तू नको होतीस. तू बोलायला लागलीस की मला सहन होत नसे. रोज, जन्मभर, ती शांतता माझ्या घरात, या विचारानं माझे हातपाय • पडले. म्हणून तीनपर्यंतही मोजलं नाही. दोनलाच म्हणाले, बाबांकडे. एकतीस वर्षांत मुद्दाम चुकीचा शब्द मी एकदाच पुरवला, तो तुला.

तू लिहिलंस की मी चुकले, आणि मी म्हटलं मदत केली. दोन्ही खोटं.

दुसरी गोष्ट. सहा जूनला मी गप्प बसले नाही. तू थांबलीस, मी मोजलं, तीन झाले आणि वचनबिचन सगळं विसरले. तोंड उघडलं. मी शब्द देणारच होते ठकू. मला वाटलं आता तरी बरोबर देते. आणि शब्द नव्हता. हातात पान होतं, त्यावर अक्षरं होती, पण ती • सारखी नुसती काळी. कुणाकडे? तुला कुणाकडे जायचं होतं? मला आठवेना. माझंच नातं, आणि ते मला आलं नाही. तू म्हणालीस तेव्हा मला कळलं.

तू म्हणतेस चाळीस सेकंदं दिली. मी दिली नाहीत. माझ्याकडे काही नव्हतंच.

बाहेर आले तर बसचा • कुठल्या बाजूला ते कळेना. तिथल्या दारावरच्या माणसानं खुर्चीत बसवलं आणि इस्त्रीवालीण येईपर्यंत माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. भला माणूस. त्यानंतर तिनं मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोक्याचा • काढला. म्हणाले, नावं आधी जातील, मग बाकीचं, हळूहळू. वर्षभर चाललंय म्हणे. राजाचा किस्सा दोनदा, वसतिगृहाचा पत्ता, शेगडी, ते सगळं त्यातच आलं. मला ठाऊक होतं. तुझ्यापासून लपवलं.

शब्दांवर पोट भरलं मी. आता रोज सकाळी उठून खोलीतल्या वस्तूंची नावं घेते. खुर्ची, खिडकी, •, पाणी. एखादी राहिली की दिवसभर भीती जात नाही.

सप्टेंबरात मला बोलावू नकोस. आणि इथेही येऊ नकोस. तू दारात उभी राहशील आणि मला तुझं नाव येणार नाही. ओठ मिटून मी उभी, आणि समोर तू. त्याला मी मरणापेक्षा घाबरते.

तुझी •

५ जुलै

मावशी,

राग आला. खोटं कशाला बोलू, खूप आला. पत्र दोन दिवस उलटं करून ठेवलं, तालमीला गेले नाही, छापखान्यात एका पानावर बारा चुका सोडल्या. पंचवीस वर्षं मी मनाशी म्हणत आले की मावशीला ऐकूच आलं नव्हतं. तेवढ्यावर उभी होते. तू ते काढून घेतलंस. हे तू मला आधी का सांगितलं नाहीस, म्हणून भांडायचंय. तू माझ्याशी भांडण्याइतकी शाबूत आहेस, तोवर भांडून घेऊ.

मग पत्र पुन्हा सरळ केलं आणि वाचलं. सात ठिपके आहेत. एकाही ठिकाणी मी शब्द घातला नाही. चार मला सहज कळले, तरी घातले नाहीत. वाचताना प्रत्येक ठिपक्याशी थांबले. पहिल्यांदा कळलं, थांबणाऱ्यालाही किती भीती वाटते. त्या खोलीत तू तेवीस-चोवीस वर्षांची होतीस. आज माझं वय त्याहून दहा वर्षांनी जास्त आहे, आणि उद्या माझ्या दारात कुणी नऊ वर्षांची पोर उभी केली तर मी काय म्हणेन, मला माहीत नाही. माफ केलं असं लिहीत नाही. ते आलं तर येईल, त्यालाही वेळ लागेल.

एकोणिसावं पान बदललंय. आता प्रेक्षक हसल्यावर मी सांगते, ‘तिला तो म दिसला होता.’ मग मी थांबते. तेव्हा कुणी हसणार नाही. काल तालमीत दिवेवाल्यानं दिवा मंद करायचा तो केलाच नाही, विसरला.

चाळीस सेकंदांचं मात्र मी मागे घेत नाही. तुझ्याकडे शब्द नव्हता, माझ्याकडे आवाज नव्हता. दोघी तोंड उघडून उभ्या होतो आणि कुणी कुणाला काही देऊ शकत नव्हतं. तेव्हा तो आला. आणखी कुणी तिथे असतं तर आला नसता.

मी शुक्रवारी येते. सकाळच्या गाडीनं, दुपारपर्यंत पोचेन. इस्त्रीवालीणबाईंना कळवलंय, तू दाराला कडी लावलीस तरी त्या उघडतील, तेव्हा उगाच लपू नकोस. डॉक्टरांचे कागद मला बघायचेत. आणि तुझी खोली जिना चढून वर आहे, माझी इथली तळमजल्यावर आहे आणि मोठी आहे, तेही बोलायचंय. तुला विचारणार आहे, कुणाकडे राहणार? उत्तर तूच द्यायचं, मी पुरवणार नाही.

दार उघडल्यावर माझं नाव आलं नाही तर घाबरू नकोस. मोजूही नकोस. मी उंबऱ्याबाहेर उभी राहीन. त्या दिवशी चांगल्या जाड तळाच्या चपला घालून येते, कितीही वेळ उभं राहता येईल.

तुझी ठकू